कवळीवाल्याच्या घरचं समाधान

आमच्या शेजारच्या वहिनींच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि त्यांचा नवरा कवळ्या बनवायचा. एवढं सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. आमच्या सगळ्या मंडळीला त्या हसण्याची सवय होती, फक्त चर्चमध्ये त्याला आम्ही 'आमेन' म्हणायचो.

नवऱ्याला मी मनातल्या मनात तृप्तराव म्हणतो. तोंडावर 'भाऊ'. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला बरंचसं न विचारता कळतं, आणि उरलेलं मी विचारून घेतो. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत ती दोघं राहायची, मागच्या खोलीत कवळ्या राहायच्या. भिंतीला लांबलचक फळी, तिच्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, खाली टेबल, टेबलावर मेण तापवायचा दिवा आणि घासून चकचकीत करायचं चाक. गावातला दंतवैद्य माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचा. तृप्तराव त्यात प्लास्टर ओतायचा, तयार जबड्यावर मेणाची हिरडी चढवायचा, तिच्यात एकेक दात खोचायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून पक्की कवळी काढायचा. हात सोन्याचा होता. म्हाताऱ्या माणसांना त्याच्या कवळीने पुन्हा शीळ घालता यायची.

आणि वहिनी रोज सकाळी फडक्याने ती फळी पुसायच्या. एकेक जबडा उचलायचा, खालची धूळ पुसायची, जबडा परत ठेवायचा. गावभरचं हसू त्यांच्याकडे बघत असायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "वहिनी, एवढ्या लोकांत तुमचा नंबर कधी?" त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि डोळ्यांनी हसल्या. डोळ्यांनी हसणं त्यांना चांगलं जमायचं. दुसरा उपाय नव्हता.

तृप्तरावाची स्वतःची बत्तिशी मात्र शाबूत. जेवण झालं की तो एक सफरचंद घ्यायचा आणि सालीसकट चावायचा. करकर आवाज भिंतीतून आमच्याकडे यायचा. तो थांबला की मागोमाग किसणीचा आवाज. वहिनी त्यांचं सफरचंद किसून खायच्या. आमची बायको म्हणायची, त्यांच्या घरात घड्याळाची गरज नाही.

आता हे असं का, ते सांगतो. पैशाचा प्रश्न नव्हता. घरातलाच माल, घरातलेच हात. प्रश्न साक्षीचा होता.

वहिनी मुलगी असताना आमच्या चर्चची इमारत बांधून झाली, तेव्हा उद्घाटनाच्या उपासनेत त्यांनी एकटीने गीत म्हटलं होतं. जुने लोक अजून सांगतात, त्या आवाजाने कौलांतली कबुतरं उडाली. कबुतरं कशानेही उडतात, पण आवाज खरंच तसा होता. लग्नानंतरही त्या गायकवृंदात पहिल्या ओळीत उभ्या राहायच्या. मग चाळिशी ओलांडताच त्यांच्या हिरड्या बिघडल्या. एकेक दात हलायला लागला, आणि दंतवैद्याने एकेक करत सगळे काढले. तृप्तराव म्हणाला, हिरड्या भरून येऊ देत, मग अशी कवळी करतो की ती खोटी आहे हे तुझं तुलाच कळणार नाही. मनापासून म्हणाला होता. त्याला मी वाईट माणूस म्हणत नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

हिरड्या भरत होत्या तेवढ्यात बुधवार आला.

बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे साक्षीची सभा असते. ज्याला प्रभूने जे दिलं, ज्यातून तारलं, ते त्याने उभं राहून सांगायचं. एकाचं पोट फाडून परत शिवलेलं असायचं, एकीचा मुलगा दारू सोडून घरी आलेला असायचा. त्यांना दणदणीत आमेन मिळायचं. तृप्तरावाकडे मात्र काहीच नव्हतं. आजार नाही, व्यसन नाही, पोरंबाळं नाहीत म्हणून पोरांचं दुःख नाही. आयुष्य इतकं गुळगुळीत की त्यावर साक्ष ठरेना. दर बुधवारी तो उठायचा, "मी समाधानी आहे" म्हणायचा, आणि लोक घड्याळाकडे बघायचे.

त्या बुधवारी तो उठला आणि म्हणाला, की माझे हात साऱ्या गावाला दात देतात, पण माझ्या घरात प्रभूने जे ठेवलं तेवढ्यातच आम्ही तृप्त आहोत. माझी पत्नी म्हणते, मला दात नकोत, मला प्रभू पुरे.

असं वहिनी कधीच म्हणाल्या नव्हत्या. त्या बायकांच्या बाजूला तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. सगळी मंडळी वळून त्यांच्याकडे बघायला लागली, आणि मग असं आमेन झालं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या तोंडाकडेच तर सगळे बघत होते.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्याच विषयावर उपदेश केला. मग बाहेरगावचे पाळक यायचे, त्यांना वहिनी दाखवल्या जायच्या. "ह्याच त्या भगिनी." एकाने तर डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली, की आम्हांलाही असंच समाधान दे. त्याची कवळी तृप्तरावानेच केली होती.

हिरड्या भरल्या, पण आता कवळी करायची कशी? केली असती तर साक्ष मोडली असती. आणि तृप्तरावाला आयुष्यात पहिल्यांदाच लोक नमस्कार करायला लागले होते.

वहिनींनी गायकवृंद सोडला. सोडला म्हणजे काय, एके रविवारी त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, माझ्या शेजारच्या रांगेत. मागचा बाक हा आम्हा कच्च्या ख्रिस्त्यांचा. तिथे गाणं ओठांतल्या ओठांत म्हटलेलं चालतं. अशी कितीतरी वर्षं गेली.

त्यांच्या बाजूने बोलणारी एकच बाई होती, पाळकसाहेबांची आई. म्हातारी फटकळ. तिला तिसऱ्यांदा कवळी करायची होती, तेव्हा मी मागच्या खोलीत गप्पा मारत बसलो होतो. म्हातारी तृप्तरावाला म्हणाली, पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढवून बसव. माझा मूळचा तसाच होता. तो म्हणाला, आई, सरळ बसवतो, सुंदर दिसाल. म्हातारी म्हणाली, सुंदर दिसून करायचंय काय, वर गेल्यावर माझ्या नवऱ्याने ओळखायला नको? मग वहिनींकडे बघून त्याला म्हणाली, "आणि ऐक रे बाबा. समाधान मानायचं ते स्वतःच्या ताटात बघून. बायकोच्या ताटात बघून जे मानतोस, त्याला हिशेब म्हणतात."

तृप्तराव छान हसला. सगळे दात दिसले.

कवळी तयार झाली आणि त्याच आठवड्यात म्हातारी वारली. तृप्तराव कवळीची डबी घेऊन पाळकांकडे गेला होता, पण पाळकांना ती डबी हातात घेववेना. तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले. तशी ती फळीवर जबड्यांच्या शेवटी राहिली, पाण्यात, झाकण लावून. वहिनी तिच्यातलं पाणी बदलायच्या.

मग चर्चचा मोठा वर्धापनदिन आला. गायकवृंदाच्या बाई शाळेत संगीत शिकवतात, शिस्तीच्या आहेत. त्यांनी ठरवलं की उद्घाटनाला जे गीत झालं तेच आता व्हावं, आणि ज्यांनी म्हटलं त्यांनीच म्हणावं. त्या वहिनींच्या घरी आल्या, मीही होतोच. दोन ओळी म्हणून घेतल्या. आवाज थोडा जाड झाला होता, पण होता. शब्दांचं मात्र पीठ झालं होतं. बाईंनी पर्स उचलली आणि सरळ सांगितलं, "आवाज द्या मला, पण दात घालून द्या. नाहीतर हे गीत मी दुसरीला देणार. सभागृहभर लाऊडस्पीकर असणार आहेत."

त्या गेल्यावर वहिनी आत गेल्या. तृप्तराव चाकावर कुणाची तरी कवळी घासत होता. त्यांनी चाक बंद केलं. लग्नानंतर त्यांनी ते चाक पहिल्यांदाच बंद केलं असावं, कारण तो दचकला.

"अहो, माझी कवळी करा," त्या म्हणाल्या.

त्याने आधी समजूत काढली. मग शास्त्र काढलं. आपल्याजवळ नाही त्याची हाव धरणं ही वाढ नव्हे, ही घसरण, असं बरंच काही. वहिनी उभ्याच. शेवटी त्याच्या तोंडून खरं ते निघालं.

"अगं, माझी साक्ष खोटी पडेल. लोक काय म्हणतील? एवढी वर्षं काय सांगत होतो म्हणतील."

"एकाच दिवसापुरती करा. गाणं झालं की काढून देईन."

"दातांवाचून अडलं का आजवर?"

त्यांनी चाक परत सुरू करून दिलं आणि बाहेर आल्या. दात आहेत तर चणे नाहीत अन् चणे आहेत तर दात नाहीत, असं जुने लोक म्हणून गेले. ह्या घरात दोन्ही होतं, मधे फक्त एक समाधानी माणूस बसला होता. मी नेहमीसारखी काहीतरी थट्टा करणार होतो, पण त्यांच्याकडे बघून मीच दातखीळ बसल्यासारखा उठलो.

पुढचं वहिनींनीच मला नंतर सांगितलं. तृप्तराव दंतवैद्याकडे माल पोचवायला गेला की त्या मागच्या खोलीत जायच्या. म्हातारीची डबी उघडली. खालची कवळी तर बसेचना, जीभ हलली की तीही हले, म्हणून तिचा नाद सोडला. वरची मोठी होत होती. कानशीने कडा घासल्या, आतून गुलाबी मेणाचा थर दिला, दाबून धरली, बसली. फडकं घेऊन फळी पुसता पुसता त्या त्या जबड्यांपुढे गीत म्हणायच्या. आमच्याकडे ऐकू यायचं. बायको म्हणाली, वहिनींच्या घरी कोण आलंय हो? मी म्हटलं, पाहुणे असतील.

गायकवृंदाच्या बाईंना वाटलं, नवऱ्याने केली. बाईंनी विचारलं नाही, वहिनींनी सांगितलं नाही. तृप्तरावाला वाटलं, वहिनी नुसत्या ओळीत उभ्या राहणार. त्याने त्या दिवसासाठी नवीन साक्षही तयार करून ठेवली होती, पत्नीने व्यासपीठाचा मोह कसा सोडला यावर. ती त्याने मला आधीच ऐकवली होती. चांगली होती.

चर्च खच्चून भरलेलं. बाहेरगावचे पाहुणे पुढे, तृप्तराव त्यांच्या मागच्याच बाकावर, पाळकसाहेब वर खुर्चीत. गायकवृंद उभा राहिला आणि वहिनी एक पाऊल पुढे आल्या.

पहिलं कडवं असं झालं की मागच्या बाकावरचे लोकसुद्धा सरळ बसले. शब्द न् शब्द टाचणीसारखा. तृप्तरावाचं तोंड उघडं पडलं होतं. कडवं संपलं, आणि वहिनींना राहवलं नाही, त्या हसल्या. तोंडभर हसल्या.

लाऊडस्पीकर होते, दिवेही मोठे होते. एका दातावर चढलेला तो दात अख्ख्या मंडळीने पाहिला. आमच्यातल्या निम्म्यांनी त्या दाताच्या शिव्या खाल्ल्या होत्या. बायकांच्या बाजूची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ही कशी परत आली?" पाळकसाहेब खुर्चीतून उठले. चेहरा प्लास्टरसारखा झाला होता.

वहिनींनी दुसरं कडवं सुरू केलं. पण मेण ते मेण. टेबलावर टणक असतं, तोंडाच्या उबेने नरम पडतं. तृप्तरावाला हे रोजच्या कामातून ठाऊक होतं, पण वहिनींनी घरी एवढा वेळ कवळी तोंडात कधी ठेवली नव्हती. आधी लाऊडस्पीकरमधून टक असा आवाज आला. मग टक टक. मग एका लांब सुरात वरची कवळी अलगद सुटली आणि खालच्या ओठावर येऊन बसली.

मंडळी हसली. कसली भक्ती आणि कसलं काय, पोट धरून हसली. गायकवृंदातल्या बायका वह्यांमागे तोंडं लपवून हसत होत्या. बाहेरगावचे पाहुणे हसले, त्यांत तो डोक्यावर हात ठेवणाराही होता. समाधानाचा नमुना म्हणून ज्यांना मिरवलं, त्यांची फजिती बघायला मिळाली की जो आनंद होतो, तो कुठल्याच प्रार्थनेने होत नाही.

तृप्तराव धावत पुढे गेला. हसू थांबवायला गेला असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "चोरी केलीस? देवाच्या घरात चोरी?" माइक चालूच होता.

वहिनींनी कवळी काढली, रुमालाने पुसली आणि पाळकसाहेबांच्या हातात दिली. ते आईचे दात ओंजळीत धरून उभे राहिले. मग वहिनी माइककडे वळल्या. ओठ आत गेलेले, शब्दांचं परत पीठ झालेलं, पण सगळ्यांना कळलं.

"साक्ष यांची होती. तोंड माझं होतं."

आणि बाईंनी पेटी वाजवायची थांबवली असतानाच त्यांनी तिसरं कडवं म्हटलं. एकही शब्द धड नव्हता. काही लोक अजून हसत होते, काहींनी माना खाली घातल्या. कबुतरं उडाली नाहीत. एरवी असं गाणं संपलं की आमेन होतं, त्या दिवशी ते कुणाला सुचलं नाही. वहिनी खाली उतरून मधल्या वाटेने चालत आल्या आणि मागच्या बाकावर आपल्या जागी बसल्या.

पाळकसाहेब नंतर त्यांच्या घरी गेले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी रुमालात गुंडाळलेली ती कवळी टेबलावर ठेवली आणि तृप्तरावाला एवढंच म्हणाले की आईने मला तुमच्याबद्दल सांगितलं होतं, मी त्यावर उपदेश करायला हवा होता, मी तुमच्यावर केला. मग वहिनींना म्हणाले, ताई, हे तुमच्याकडे राहू द्या. वहिनींनी कवळी परत दिली. दुसऱ्याच्या मापाचं आता नको म्हणाल्या.

मग तृप्तरावाने बायकोचं माप घेतलं. दंतवैद्याकडून साच्याची वाटी आणली, गुलाबी लगदा कालवला, म्हणाला, "आ कर." प्लास्टर ओतलं, वाळलं, आणि वहिनींचा जबडा पहिल्यांदा त्या फळीवर आला. मी बघायला गेलो. इतर जबड्यांना हिरडीचा उंच बांध होता, ज्यावर कवळी पकड धरते. ह्याला नव्हता. पायांनी झिजून सपाट झालेल्या उंबरठ्यासारखा दिसत होता. दात गेले की खालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं. हे त्याने शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, लवकर करा, उशीर करू नका म्हणून.

त्याने केली. बसली नाही. दुसरी केली. वहिनी बोलल्या की खालची तरंगायची, जेवल्या की टोचायची. तिसरी केली. गावाचं काम बाजूला पडलं, दंतवैद्य निरोपावर निरोप पाठवायला लागला. शेवटी तो बायकोला घेऊन दंतवैद्याकडे गेला. त्याने आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, हिरड्या भरल्या तेव्हाच आणायचं होतं हो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

त्या बुधवारी तृप्तराव साक्षीच्या सभेत उठला. पुढच्या बाकाची पाठ धरली. मग म्हणाला, "मला समाधान नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा."

कुणाला काय करावं कळेना. आमच्याकडे अशा वाक्यावर आमेन म्हणायची पद्धतच नाही. बाजूचा माणूस त्याच्यापासून थोडा सरकून बसला. पाळकसाहेबांनी मात्र डोळे मिटले आणि हलक्या आवाजात म्हणाले, की बंधूंनी आज पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचं काहीतरी आणलंय. मला विचाराल तर, ह्या मंडळीत एखादा माणूस तसूभर तरी वाढलेला मी तेवढाच पाहिला, आणि त्याची किंमत त्याने मोजली नव्हती.

वहिनींबद्दल लोक विचारतात, आता कशा आहेत? आपल्या तिन्ही कवळ्या त्यांनी एका खोक्यात भरून फळीच्या शेवटी ठेवल्या आहेत. गायकवृंदाच्या बाईंनी परत बोलावलं, म्हणाल्या की शब्दांचं आपण बघू, पण त्या गेल्या नाहीत. मागच्या बाकावर मात्र आता मोठ्याने गातात. शेजारच्यांना त्रास होतो. मी शेजारीच असतो.

एक राहिलं. तृप्तरावाने सफरचंद चावायचं सोडून दिलं होतं. भिंतीतून दोनदा किसणी ऐकू यायला लागली, आधी त्यांची, मग त्याची. मी परवा दुपारी चाक मागायला गेलो, आमच्या सुरीला धार लावायची होती. ती दोघं जेवून बसली होती. तो किसणी घेऊन बसला होता. वहिनींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि अख्खं सफरचंद त्याच्या हातात ठेवलं.

"दात आहेत ना? चावा."

तो म्हणाला, नको गं.

"चावा. मला आवाज ऐकायचाय."

त्याने एक घास तोडला. वहिनी समोर बसल्या, हनुवटी तळहातावर टेकून, त्याच्या तोंडाकडे एकटक बघत. डोळ्यांनी हसत होत्या की काय, मला ठरवता आलं नाही. तो चावत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळून सफरचंदावर पडत होतं. "अजून," वहिनी म्हणाल्या. त्याने अजून एक घास तोडला.

मी चाक न मागताच परत आलो.